सांगली-मिरजेहून कोल्हापूर विमानतळ गाठताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड, जयसिंगपूर आणि आसपासच्या तालुक्यांतली माणसं विमानाचं तिकीट काढायच्या आधी जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. पहिल्यांदाच विमानात बसणारे आई-वडील, परदेशी शिकायला निघालेली मुलं, दिवाळीला गावी येणारे गलाई बांधव (परगावी सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारे), हे सगळे डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत.

आमच्यासाठी जवळचा विमानतळ नेमका कोणता?

कोल्हापूरचा. तो उजळाईवाडीला आहे, पुणे-बंगळूर महामार्गाला लागूनच. सांगलीहून साधारण 45 ते 50 किलोमीटर. नाव कोल्हापूरचं असलं तरी सांगली जिल्ह्याचा, इचलकरंजीचा आणि निपाणी पट्ट्याचाही तो हक्काचा विमानतळ आहे, आणि तसाच तो वापरला पाहिजे. 1939 साली छत्रपती राजाराम महाराजांच्या हस्ते तो सुरू झाला. मध्ये कितीतरी वर्षं प्रवासी विमानं बंद होती. 2018 पासून ती पुन्हा सुरू झाली आणि 10 मार्च 2024 ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. पूर्वी गेलेल्यांच्या डोळ्यांसमोर ती जुनी लहान इमारत असेल, तर ती विसरा.

इस्लामपूर, पेठ, वाळवा भागातल्यांना सांगलीत यायची गरजच नाही, महामार्गाने सरळ खाली जायचं. जत-आटपाडीकरांनी मात्र सोलापूरही बघावं, 2025 मध्ये तिथूनही प्रवासी विमानं सुरू झाली आहेत.

तिथून विमानं कुठे जातात?

मुंबई, हैदराबाद, बंगळूर, तिरुपती, अहमदाबाद ही नावं गेल्या काही वर्षांत या विमानतळाशी जोडली गेली. पण यातला प्रत्येक मार्ग रोज आणि कायम असतोच असं नाही. काही मार्ग आठवड्यातून ठरावीक दिवशीच असतात, काही बंद होऊन पुन्हा सुरू झाले आहेत. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणून शेजाऱ्यांनी फेब्रुवारीत सांगितलेल्या वेळेवर मे महिन्यातल्या लग्नाचा बेत आखू नका. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर तुमची तारीख टाकून बघा, तेच खरं.

विमानं इतकी लहान का असतात? ती सुरक्षित असतात का?

पूर्ण सुरक्षित असतात. इथे येणारी एटीआर जातीची पंख्याची विमानं साधारण सत्तर-ऐंशी आसनांची, आणि एम्ब्रेअर जातीची जेट त्याच आसपास. कारण धावपट्टीत आहे. ती पूर्वी 1370 मीटर होती, नंतर वाढवत 1900 मीटरच्या पुढे नेली. दीडशे-पावणेदोनशे माणसं घेऊन उडणाऱ्या मोठ्या विमानाला भरल्या वजनानिशी, उन्हाळ्याच्या दुपारी, यापेक्षा लांब पट्टी लागते. हवा तापली की पातळ होते आणि विमानाला उचल कमी मिळते, म्हणून उन्हाळा मुद्दाम सांगितला.

एटीआरमध्ये पंख्यांचा आवाज जरा जास्त येतो आणि ते ढगांच्या फार वर जात नाही, त्यामुळे पावसाळ्यात हादरे जाणवतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पट्टा बांधून बसा. आवाजाचा त्रास होणाऱ्यांनी मागची आसनं घ्यावीत, पंखे पुढच्या बाजूला असतात.

विमानाने जाणं खरंच परवडतं का, की रेल्वेच बरी?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि लोक त्याचं उत्तर तिकिटाच्या रकमेवरून काढतात. तसं करू नका. घराचं दार ओढल्यापासून तिकडच्या दारात पोहोचेपर्यंतचे तास मोजा.

मुंबई घ्या. विमान हवेत असतं तासभर. पण सांगलीतून विमानतळ दीड तास, तिथे आधी दीड-दोन तास, आणि मुंबईत उतरून सामान घेऊन ठाण्याला किंवा दादरला जायला आणखी तास-दीड तास. झाले साडेपाच-सहा तास, तेही सगळं वेळेत झालं तर. महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये रात्री झोपायचं आणि सकाळी मुंबईत उतरायचं, यात कामाचा एकही तास जात नाही. त्यामुळे मुंबईसाठी आमचं मत स्पष्ट आहे: तब्येतीचं कारण असेल, त्याच दिवशी परतायचं असेल किंवा पुढे दुसरं विमान पकडायचं असेल तर विमान, नाहीतर महालक्ष्मी.

पुण्यासाठी तर विमानाचा विचारच नको. सप्टेंबर 2024 पासून सांगली-मिरजेवरून पुण्याला वंदे भारतही धावते.

हैदराबाद आणि बंगळूरचं गणित उलटं आहे. सांगलीहून हैदराबाद रस्त्याने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, बंगळूर त्याहून लांब. रात्रभराची बस, कंबरेचे हाल आणि दुसरा दिवस आळसात. इथे विमान खरोखर एक दिवस वाचवतं. नोकरीच्या मुलाखती, दवाखान्याच्या तारखा आणि नातवंडांना भेटायला जाणारे आजी-आजोबा यांनी या दोन मार्गांवर पैसे खर्च केले तर ते सार्थकी लागतात.

तिरुपतीला जाणाऱ्यांकडे दोन्ही पर्याय आहेत. हरिप्रिया एक्सप्रेस मिरजेवरून जाते आणि भजनी मंडळासारखा मोठा गट असेल तर तीच सोयीची. विमानाने गेलात तर तिरुपतीचा विमानतळ रेणीगुंट्याला आहे, तिथून वर तिरुमलापर्यंत घाटरस्ता वेगळा धरा. दर्शनाची वेळ उतरायच्या वेळेला चिकटवून घेऊ नका.

पुण्याहून उड्डाण घेतलं तर स्वस्त पडतं म्हणतात. खरं आहे का?

दिल्ली, कोलकाता, जयपूरसारख्या ठिकाणी पुण्याहून थेट विमान मिळतं आणि तिकीट बहुतेक वेळा कमी असतं. पण सांगली ते लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ, अडीचशे किलोमीटरच्या घरात. गाडीभाडं, टोल, खंबाटकीतली कोंडी, पुण्यात शिरल्यानंतरचा दीड तास, आणि पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्रीचा मुक्काम. एकटा माणूस एसटीने किंवा रेल्वेने पुण्याला जाणार असेल तर पुणे स्वस्त. चौघांचं कुटुंब गाडी करून जाणार असेल तर कागदावर हिशोब मांडा, फरक बराचसा मिटतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर कोल्हापूरहून हैदराबाद किंवा बंगळूरला जाऊन पुढचं विमान घेणं सोपं जातं.

बेळगावचा सांबरा विमानतळही ध्यानात ठेवा. मिरजेहून तो पुण्यापेक्षा खूप जवळ आहे, आणि कोल्हापूरहून नसलेली वेळ कधी कधी तिथे मिळते. गोव्यात मोपा 2023 च्या जानेवारीत सुरू झाला, पण मध्ये घाट आहे, त्यामुळे पावसाळ्यात त्याचा भरवसा धरू नये.

परदेशी जाताना कोल्हापूरहून निघता येतं का?

येतं. कोल्हापूर-हैदराबाद किंवा कोल्हापूर-बंगळूर, आणि तिथून पुढे आखात, युरोप, अमेरिका. पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात मुलांचं मोठं नुकसान होऊ शकतं.

तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर असेल, तर पहिलं विमान उशिरा आल्यामुळे पुढचं चुकलं तरी तुम्हाला पुढे पोहोचवायची जबाबदारी कंपनीची. सामानही बहुधा थेट शेवटच्या ठिकाणापर्यंत जातं. दोन स्वस्त तिकिटं वेगवेगळी काढून जोडलीत, तर पहिल्या विमानाच्या उशिराशी दुसऱ्या कंपनीचा काही संबंध राहत नाही. तुम्ही वेळेत आला नाहीत, तिकीट गेलं. सामानही मध्ये स्वतः उतरवून घ्यायचं आणि पुन्हा द्यायचं.

म्हणून शिकायला जाणाऱ्या मुलांनी शक्यतो एकच पीएनआर घ्यावा. वेगळीच तिकिटं घ्यायची वेळ आली तर मध्ये सहा-सात तास तरी ठेवा, आणि पावसाळ्यात आदल्या दिवशीच हैदराबादला किंवा बंगळूरला जाऊन मुक्काम करा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परदेशी विद्यापीठं सुरू होतात आणि आपल्याकडे नेमका तेव्हाच पाऊस असतो. एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे परदेशी तिकिटापुढे काहीच नाहीत. आणखी एक, सामानाची मर्यादाही तपासा. देशातल्या प्रवासाला 15 किलो आणि परदेशी प्रवासाला 23 किंवा 46 किलो असा फरक असेल, तर वेगळ्या तिकिटावर कोल्हापूरच्याच काउंटरला जादा सामानाचे पैसे भरावे लागतात.

सांगलीतून किती वाजता निघावं?

चेक-इनचा काउंटर देशांतर्गत विमानाला सुटायच्या तासभर आधी बंद होतो, आणि गेट साधारण 25 मिनिटं आधी. उशीर पाच मिनिटांचा असला तरी बंद म्हणजे बंद, तिथे ओळखपाळख चालत नाही. आमचा सल्ला, विमान सुटायच्या साडेतीन तास आधी सांगली सोडा. दुपारी एकचं विमान असेल तर साडेनऊला गाडी हलली पाहिजे. "आवरतोयच" म्हणायला सुरुवात नऊला झाली तर दहा वाजतात, हे घरोघरी ठाऊक आहे.

रस्ता नेहमीचाच: अंकली, उदगाव, जयसिंगपूर, हातकणंगले, शिरोली, आणि मग महामार्गाने डावीकडे वळून पंचगंगेचा पूल ओलांडून उजळाईवाडी. जयसिंगपूर आणि हातकणंगल्यात बाजाराच्या दिवशी वेळ जातो. ऊस तोडणीच्या हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागे अडकायची तयारी ठेवा. रात्री त्यांना मागे दिवे नसतात, तेव्हा गाडी दामटू नका.

एसटीने गेलं तर?

जाता येतं आणि अनेक जण जातात. सांगली-कोल्हापूर एसटी सतत असते. मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत जाऊ नका, तावडे हॉटेलला उतरा आणि तिथून रिक्षा करा. स्टँडवर जाऊन परत यायचा वेळ वाचतो. वडापने, म्हणजे खासगी शेअर गाडीने, जायचं असेल तर विमानाच्या दिवशी नको, गाडी भरल्याशिवाय हलत नाही.

पुराच्या दिवसांत काय करायचं?

जुलै-ऑगस्टचं तिकीट असेल तर हे उत्तर नीट वाचा. सांगलीकरांची नजर आयर्विन पुलावर असते: 40 फूट इशारा, 45 फूट धोका. पण विमान पकडायचं असेल तेव्हा कृष्णेइतकीच पंचगंगा बघावी लागते. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांवर इशारा आणि 43 फुटांवर धोका मानतात. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ पाणी येऊन महामार्गच बंद झाला होता. म्हणजे सांगलीत ऊन पडलेलं असलं तरी तुम्ही शिरोलीच्या अलीकडे अडकता.

बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याजवळ आली आणि पाणी चढतंय असं दिसलं, तर आदल्या दिवशीच नदीपलीकडे जाऊन राहा. उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव, कागल, कुठेही पाहुणे असतील तर फोन करा. इचलकरंजी-हुपरीकडून गडमुडशिंगीला येणारा रस्ता एरवी शिरोलीची कोंडी चुकवायला चांगला, पण मोठ्या पुरात त्या बाजूलाही नदी ओलांडावी लागतेच.

पावसामुळे विमान रद्द झालं तर पैसे मिळतात का?

तिकिटाचे पैसे मिळतात, नुकसानभरपाई मिळत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमाप्रमाणे कंपनीने विमान रद्द केलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं काय घ्यायचं ते प्रवासी ठरवतो. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तेव्हाही हाच हक्क आहे. दोन तासांवर उशीर झाला की चहा-नाश्ता द्यावा लागतो.

कंपनीच्या स्वतःच्या कारणाने, वेळेत न कळवता विमान रद्द झालं तर तासाभराच्या उड्डाणाला 5000 रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला 7500 रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातली जी रक्कम कमी ती भरपाई म्हणून मिळते. हवामान, संप, सुरक्षेचा प्रश्न अशा कारणांना ही भरपाई लागू नाही. काउंटरवर रद्द होण्याचं कारण लेखी मागा किंवा मोबाइलवर आलेला संदेश जपून ठेवा. दाद लागली नाही तर एअरसेवा या सरकारी संकेतस्थळावर तक्रार करता येते. तिकीट दलालाकडून काढलं असेल तर परतावा त्याच्या खात्यावर जातो, म्हणून तिकिटावर स्वतःचाच मोबाइल नंबर द्यायला सांगा.

चटणी, लोणचं, खोबरं नेता येतं का?

परगावी असलेल्या लेकीला कांदा-लसूण चटणी पोचवायची नाही असं आपल्याकडे घर नाही, त्यामुळे हे सविस्तर सांगतो.

चटणी, तिखट, मसाला हँडबॅगेत ठेवू नका. तिखटाची पूड कुणाच्या डोळ्यांत फेकता येते, म्हणून तपासणीत ती काढून घेतात. मिरचीच्या लोणच्याचंही तेच. दोन्ही मोठ्या बॅगेत, जी काउंटरला द्यायची असते, तिच्यात चालतात. चटणीला तेल सुटतं, तेव्हा जाड प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर दुसरी पिशवी, मग स्टीलचा डबा, आणि डबा जुन्या टॉवेलात गुंडाळून कपड्यांच्या मधोमध. हळदही तशीच. तासगावचा बेदाणा मात्र हँडबॅगेत बिनदिक्कत न्या.

सुकं खोबरं मात्र कुठल्याच बॅगेत नको. त्यात तेल भरपूर असतं आणि ते पेट घेऊ शकतं, म्हणून मनाई आहे. अंबाबाईची किंवा नरसोबावाडीची खोबऱ्याची वाटी प्रसाद म्हणून पिशवीत राहते आणि ऐन तपासणीत ती कचऱ्याच्या डब्यात टाकताना आजींचा जीव कासावीस होतो. पेढे, फुटाणे, अंगारा घेऊन जा. खोबरं वाटेतच सगळ्यांनी खाऊन टाका.

आजोबांच्या खिशातला अडकित्ता आठवणीने मोठ्या बॅगेत टाका. काडेपेटी आणि लायटर दोन्हीकडे चालत नाहीत. पॉवर बँक याच्या उलट, ती हँडबॅगेतच हवी, मोठ्या बॅगेत सापडली तर बॅग उघडायला बोलावतात. हँडबॅग 7 किलोपर्यंत. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात, तेव्हा कडक चाकांच्या बॅगेपेक्षा मऊ पिशवी बरी.

मिरजेहून तंबोरा किंवा सतार घेऊन जायची आहे. कशी न्यावी?

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि वाद्य घ्यायला लांबून माणसं येतात. त्यांची खरी परीक्षा सतारमेकर गल्लीतून बाहेर पडल्यावर सुरू होते.

तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे वाळवलेली पातळ कवटी. वरून एक सुटकेस आदळली की तडा गेलाच. कापडी खोळीत घालून वाद्य कधीही सामानात देऊ नका. फायबरची कडक पेटी कारागिराकडूनच मापाने करून घ्या. बांधताना सगळ्या तारा सैल सोडा, ओढ राहिली तर धक्क्याने तबकडी आणि दांडीच्या जोडावर ताण येतो. मणी काढून वेगळ्या पुडीत ठेवा. भोपळ्याच्या खाली आणि मानेखाली दाट फोम असा भरा की पेटी हलवली तर आतून काहीही हललेलं जाणवू नये.

तिकीट काढण्याआधी कंपनीला पेटीची लांबी, रुंदी, वजन कळवा. लहान विमानाची सामानाची जागा मर्यादित असते, आयत्या वेळी मोठी पेटी घ्यायला ते नकार देऊ शकतात. काउंटरवर नाजूक वस्तूच्या चिठ्ठीवर सही घेतात, म्हणजे तुटल्यास कंपनीची जबाबदारी मर्यादित, हे सही करताना माहीत असू द्या. वाद्यासाठी शेजारचं आसन विकत घेण्याची सोय काही कंपन्या देतात. सतारीला ते जमू शकतं, पुरुषी तंबोरा आसनात मावणं कठीण. मोलाचं वाद्य असेल तर मिरजेहून रेल्वेने, डोळ्यांसमोर ठेवून नेणं हेच आम्ही सुचवू.

सोनं बरोबर असेल तर?

अंगावरच्या दागिन्यांना देशांतर्गत प्रवासात अडचण नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातल्या गलाई व्यावसायिकांनी धंद्याचं सोनं-चांदी नेताना पावती, चलन आणि जीएसटीचे कागद मूळ प्रतीत जवळ ठेवावेत. माल हँडबॅगेतच ठेवावा आणि तपासणीला जास्तीचा वेळ धरून यावं.

आई-वडील पहिल्यांदाच एकटे जाणार आहेत.

तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवा. चालता येत असलं तरी गुडघ्यांचा त्रास असेल, भाषेची अडचण असेल, तर हैदराबाद-बंगळूरच्या प्रचंड विमानतळावर तो कर्मचारी त्यांना बाहेरच्या दारापर्यंत आणून सोडतो. यात लाजण्यासारखं काही नाही. आधार कार्ड मूळ प्रत हवी, झेरॉक्स चालत नाही. तिकिटावरचं नाव आधारप्रमाणेच असू द्या. आपल्याकडे आधारवर वडिलांचं नाव मध्ये असतं आणि तिकिटावर नसतं, तेवढ्याने अडवत नाहीत, पण आडनावच वेगळं असेल तर अडवतात. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हँडबॅगेत, इन्शुलिनही तिथेच. बोर्डिंग पास मोबाइलवर पाठवून सोडून देऊ नका, कागदावर छापून हातात द्या.

मिरजेत शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला विमानाने नेता येईल का?

डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली तर. कंपनीचा वैद्यकीय फॉर्म असतो, तो भरून किमान दोन दिवस आधी पाठवा. ऑक्सिजन लागणाऱ्या किंवा झोपवून न्यावं लागणाऱ्या रुग्णासाठी लहान विमानाचा विचार करू नका. गरोदर बाईला 32 आठवड्यांपर्यंत सहसा अडचण येत नाही, पुढे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं आणि 36 आठवड्यांनंतर घेत नाहीत.

मग कवलापूरचं काय? सांगलीला स्वतःचा विमानतळ कधी?

सांगलीजवळच्या कवलापूरला सुमारे 160 एकरांची जुनी धावपट्टीची जागा आहे. सांगलीकरांनी ती विमानतळासाठीच राहावी म्हणून आवाज उठवला आहे, आणि तो योग्यच आहे. अशी सपाट, सलग जागा शहराजवळ पुन्हा मिळत नाही. पण जागा असणं आणि विमान येणं यात मोठं अंतर आहे. शेजारचं कराड बघा. तिथली धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या काळातली, तिथे आजही नियमित प्रवासी विमान नाही, आणि विस्ताराची जमीन म्हटली की शेतकऱ्यांचा विरोध उभा राहतो, तोही समजण्यासारखा आहे.

शिवाय विमान कंपनी येते ती आसनं भरतील या हिशोबाने. उडान योजनेत ठरावीक आसनांचं भाडं मर्यादित ठेवून सरकार कंपनीची तूट भरून देतं, पण तीन वर्षांसाठी. त्यानंतर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा लागतो. कोल्हापूरचे मार्ग टिकले तर या पट्ट्यात प्रवासी आहेत हे आकड्यांनी सिद्ध होतं, आणि उद्या कवलापूरसाठी मागणी करताना तेच आकडे उपयोगी पडतील. म्हणून सोय असेल तेव्हा पुण्याला न जाता कोल्हापूरहून उडा, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

तिकीट रद्द केलं आणि "नॉन-रिफंडेबल" म्हणतात. सगळे पैसे गेले का?

नाही. मूळ भाडं गेलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचे आकार, जसं की वापरकर्ता विकास शुल्क, परत मिळायलाच हवेत. बऱ्याच वेळा ते आपोआप येत नाहीत, मागावे लागतात. पीएनआर आणि तिकिटावरची आकारांची फोड जोडून कंपनीला ईमेल करा.